राजमा घटला, भात वाढला: लॅटिनो ताट आणि हृदयविकार

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणून नोंद झालेले लोक ६ कोटी २१ लाख होते, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास १९ टक्के. टेक्सास-कॅलिफोर्नियात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मेक्सिकन वंशाचे लोक यात आले, न्यूयॉर्कचे पोर्तोरिकन आणि डॉमिनिकन आले, मायामीचे क्यूबन आले, एल साल्वादोर-ग्वातेमालाहून आलेले आले आणि कोलंबिया, पेरू, अर्जेंटिनाचेही आले. बहुतेकांची भाषा स्पॅनिश. स्वयंपाकघरं मात्र काश्मीर आणि केरळइतकी वेगळी. तरीही कित्येक वर्षं आरोग्याच्या आकडेवारीत या सगळ्यांना मिळून एकच रकाना असायचा. त्यातून दोन समजुती पक्क्या झाल्या. पहिली, ‘हे जेवणच हृदयाला वाईट.’ दुसरी बरोबर उलटी, ‘या लोकांना हृदयविकार कमीच होतो.’ दोन्हींत थोडं तथ्य आहे, आणि दोन्हींवर विसंबून राहिलं तर नुकसान आहे.

जास्त जगतात, पण निरोगी असतात का?

दुसरी समजूत आधी घेऊ, कारण तिच्यामुळे डॉक्टरही गाफील राहतात. १९८६ मध्ये मार्काइड्स आणि कोरेल या दोन संशोधकांनी एक विचित्र गोष्ट दाखवली. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातले हिस्पॅनिक लोक उत्पन्नात आणि शिक्षणात मागे होते, पण आरोग्याच्या बऱ्याच मोजमापांत ते गोऱ्या लोकांच्या जवळपास होते. पुढे सरकारी आकड्यांतही तेच दिसलं. २००६ सालासाठी अपेक्षित आयुर्मान हिस्पॅनिक ८०.६ वर्षं, गोरे ७८.१, कृष्णवर्णीय ७२.९.

याला ‘हिस्पॅनिक विरोधाभास’ म्हणतात. कारणं बरीच सुचवली गेली. परदेशी जाऊन अंगमेहनत करायला मुळात धडधाकट माणूसच निघतो, हे एक. आजारी पडलेले म्हातारे मायदेशी परततात आणि त्यांचा मृत्यू अमेरिकेच्या हिशेबात धरलाच जात नाही, हे दुसरं. हे दुसरं कारण मात्र पुरं पडत नाही. क्यूबन लोकांना परत जाणं जवळजवळ अशक्य होतं आणि पोर्तोरिकोतले मृत्यू अमेरिकेच्याच नोंदीत येतात, तरी मृत्युदर या गटांतही कमीच दिसला. सर्वांत वजनदार कारण साधं आहे: हे लोक सरासरीने सिगारेट कमी ओढतात. कोविडच्या काळात मात्र, २०१९ ते २०२१ या दोन वर्षांत, त्यांचं आयुर्मान सुमारे चार वर्षांनी खाली आलं.

यात लक्षात ठेवायची बाब अशी की हा विरोधाभास मृत्यूबद्दल आहे, आजाराबद्दल नाही. रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, बिघडलेलं कोलेस्टेरॉल हे सगळं या समाजात भरपूर आहे.

एकाच रकान्याचे सहा तुकडे

हा रकाना नीट फोडला तो एका मोठ्या अभ्यासाने. ‘हिस्पॅनिक कम्युनिटी हेल्थ स्टडी / स्टडी ऑफ लॅटिनोज’ असं त्याचं नाव. २००८ ते २०११ या काळात ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथल्या १८ ते ७४ वयाच्या १६,४१५ जणांची तपासणी झाली. क्यूबन, डॉमिनिकन, मेक्सिकन, पोर्तोरिकन, मध्य अमेरिकन आणि दक्षिण अमेरिकन असे सहा गट वेगवेगळे धरले.

२०१२ साली आलेले पहिले आकडे असे होते: वाढलेलं कोलेस्टेरॉल ५२ टक्के पुरुषांत आणि ३७ टक्के स्त्रियांत, उच्च रक्तदाब साधारण चौघांत एकाला, लठ्ठपणा ३७ टक्के पुरुष आणि ४३ टक्के स्त्रिया, मधुमेह दोघांतही १७ टक्के. हृदयविकाराचा किमान एक तरी मोठा धोका अंगावर असलेले पुरुष ८० टक्के, स्त्रिया ७१ टक्के.

पण खरी माहिती सरासरीच्या पोटात दडलेली होती. मधुमेह दक्षिण अमेरिकन गटात सुमारे १० टक्के, तर मेक्सिकन, पोर्तोरिकन आणि डॉमिनिकन गटांत १८ च्या आसपास. धोक्यांची एकत्र गर्दी सर्वांत जास्त पोर्तोरिकन गटात. मृत्यूच्या दाखल्यांवरून झालेल्या स्वतंत्र अभ्यासातही मेक्सिकन, क्यूबन आणि पोर्तोरिकन या तिघांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू पोर्तोरिकन लोकांत जास्त आढळले.

आणि ताटं? क्यूबन गट मैदा-पांढरा भात, तांबडं मांस, चरबी आणि भाज्याही जास्त खाणारा. डॉमिनिकन लोक फळं आणि कोंबडी जास्त खाणारे. फळं-भाज्या सर्वांत कमी पोर्तोरिकन गटात. अख्खी धान्यं सर्वांत जास्त मध्य अमेरिकनांच्या ताटात, त्यांच्या खालोखाल मेक्सिकनांच्या, आणि याचं मोठं श्रेय मक्याला. मासे दक्षिण अमेरिकनांकडे जास्त. मग ‘लॅटिनो आहार’ नावाचा एकच तक्ता छापून दवाखान्यात लावण्यात काय अर्थ?

अन्नातून धोका कुठल्या वाटांनी येतो

ताटाचा आणि हृदयाचा संबंध मुख्यतः चार वाटांनी लागतो.

संपृक्त चरबी, म्हणजे डुकराची चरबी (मांतेका), चीज, साय, पाम तेल. यकृताच्या पेशींवर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल, रक्तातून ओढून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. संपृक्त चरबी जास्त झाली की हे ग्राहक कमी होतात, एलडीएल रक्तात फिरत राहतं आणि रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरून साठतं.

दुसरी वाट साखर आणि चाळून-पॉलिश करून उरलेल्या पिठुळाची. पांढरा भात, मैदा, गोड पेयं यांची साखर रक्तात झपाट्याने येते. गरजेपेक्षा जास्त झालेल्या साखरेची यकृत चरबी बनवतं. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढते, ‘चांगलं’ म्हटलं जाणारं एचडीएल उतरतं, पोटाचा घेर वाढतो. या वाटेला लॅटिनो लोक जरा जास्तच बळी पडतात. यकृतात चरबी साठवण्याकडे झुकवणारा पीएनपीएलए३ या जनुकाचा एक प्रकार २००८ च्या अभ्यासात हिस्पॅनिक लोकांत सर्वाधिक सापडला. त्याचं प्रमाण त्यांच्यात ४९ टक्के होतं, युरोपीय वंशाच्या लोकांत २३ टक्के. म्हणून नुसतं ‘एलडीएल ठीक आहे’ ऐकून घरी जाऊ नये. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. जो आकडा उरतो तो नॉन-एचडीएल. एलडीएलचं जे उद्दिष्ट डॉक्टरांनी दिलं असेल त्यात ३० मिळवले की याचं उद्दिष्ट मिळतं. ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्यांत हा आकडा जास्त खरं बोलतो.

तिसरी वाट मिठाची, ती सरळ रक्तदाबाकडे जाते. चौथी उणिवेची: ताटातून चोथा (फायबर) गेला की काय होतं. कडधान्यांतला विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो. नवी पित्ताम्लं बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते यकृत रक्तातून उचलतं. चोथाच नसेल तर ही उचल मंदावते.

भात आणि बीन्स: भांडण पदार्थांचं नाही, मापाचं आहे

कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेतल्या जेवणाचा कणा भात आणि बीन्स हा आहे. क्यूबात ‘मोरोस इ क्रिस्तियानोस’, निकाराग्वा-कोस्टा रिकात ‘गायो पिंतो’, डॉमिनिकन घरात भात-बीन्स-मांस या तिघांची मिळून ‘ला बांदेरा’. बीन्स काळे, लाल किंवा ठिपक्यांचे. सगळे आपल्या राजम्याच्याच जातीचे. पोर्तोरिकोत सणासुदीचा भात होतो ‘आरोस कोन गांदुलेस’, आणि गांदुलेस म्हणजे तुरीचे दाणे. तूर भारतातलीच, आफ्रिकेमार्गे ती कॅरिबियन बेटांवर पोचली. विदर्भात सोल्यांची भाजी खाणाऱ्याला तो भात परका वाटणार नाही.

या जोडीवर सर्वांत नेमकं काम कोस्टा रिकात झालं. हानिया कांपोस यांच्या गटाने तिथे हृदयविकाराचा झटका येऊन वाचलेल्यांची तुलना त्याच वस्तीतल्या निरोगी माणसांशी केली. रोज एक वाढणी, म्हणजे शिजवलेल्या बीन्सचा फक्त एक तृतीयांश कप, खाणाऱ्यांत झटक्याचा धोका ३८ टक्के कमी आढळला. त्याहून जास्त खाल्ल्याने जादा फायदा दिसला नाही. शहरं वाढली तसे बीन्स ताटातून कमी होत गेले, हेही त्याच अभ्यासात दिसलं. पुढे २०११ मध्ये याच गटातल्या होसिएमेर मातेई यांनी १,८७९ प्रौढांत भाताशी बीन्सचं प्रमाण तपासलं. पांढऱ्या भाताची एक वाढणी काढून तिथे बीन्सची एक वाढणी आली, तर चयापचयाच्या एकत्रित बिघाडाचा (कंबर, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल यांपैकी तीन तरी बिघडलेले) धोका ३५ टक्के कमी असल्याचा हिशेब निघाला.

शेजारी शेजारी ठेवून पाहू. एका ताटात दोन कप पांढरा भात आणि वर पाव कप बीन्स. ऊर्जा साधारण ४६५ कॅलरी, कर्बोदकं १०० ग्रॅम, चोथा जेमतेम ५ ग्रॅम. दुसऱ्या ताटात एक कप भात आणि एक कप बीन्स. ऊर्जा ४३०, कर्बोदकं ८६ ग्रॅम, चोथा १५ ग्रॅमच्या वर आणि प्रथिनं दीडपटीहून जास्त. पोट दोन्हींनी भरतं. भात सोडा असं सांगितलेला पोर्तोरिकन आजोबा पुढच्या तपासणीला येत नाही; माप बदला असं सांगितलेला येतो. आहाराच्या सल्ल्यात हा फरक फार मोठा आहे, आणि किनवा-केल-ऑलिव्हची यादी हातात देणाऱ्यांना तो कळत नाही.

कोस्टा रिकातल्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली: पाम तेलात स्वयंपाक करणाऱ्यांत झटक्याचा धोका सोयाबीन तेल वापरणाऱ्यांपेक्षा जास्त होता. पाम तेलात निम्मी चरबी संपृक्त असते. भारतात बेकरीच्या खारी-टोस्टपासून फरसाणापर्यंत हेच तेल मुरलेलं असतं, त्यामुळे हा निष्कर्ष आपल्याही कामाचा आहे.

तोर्तिया: चुन्याने घडवलेला मका

मेक्सिकन ताटाची गोष्ट वेगळी, कारण तिथे धान्य मका. पण मका नुसता दळत नाहीत. एक किलो कोरडा मका दोन-तीन लिटर पाण्यात, सुमारे १० ग्रॅम चुना घालून, मंद आचेवर शिजवतात आणि त्याच पाण्यात रात्रभर ठेवतात. सकाळी दाण्यांचं टरफल सुटतं. पिवळं झालेलं पाणी ओतून, दाणे चोळून धुऊन ओलेच वाटतात. तयार होतो तो ‘मासा’, म्हणजे तोर्तियाचा (मक्याच्या पातळ भाकरीचा) गोळा. चुना कमी पडला तर टरफल सुटत नाही आणि गोळा फाटतो. जास्त झाला तर कडवट, साबणासारखी चव येते. या प्रक्रियेने मक्यात कॅल्शियम मुरतं आणि अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. चुन्याची ही युक्ती मागे ठेवून मका तेवढा उचलणाऱ्या युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार झाला.

हृदयाच्या दृष्टीने बघा. मक्याची एक छोटी तोर्तिया २५ ते ३० ग्रॅमची, ५०-६० कॅलरी, दीड ग्रॅमच्या आसपास चोथा, मीठ जवळजवळ नाही, चरबी नाममात्र. मैद्याची आठ इंची तोर्तिया १४०-१५० कॅलरीची, तिच्यात मोहन म्हणून चरबी किंवा वनस्पती तूप, आणि सोडियम ३५० ते ४०० मिलिग्रॅम. बरिटोची, म्हणजे आत सारण भरून गुंडाळायची, दहा-बारा इंची घेतली तर नुसत्या वेष्टनातच दिवसाच्या मिठाचा मोठा वाटा संपतो. मैद्याची तोर्तिया उत्तर मेक्सिकोतही जुनीच आहे, ती काही अमेरिकेचा शोध नाही. पण अमेरिकेतल्या रोजच्या जेवणात तीच मुख्य होऊन बसली, हा बदल महागात पडतो.

जुन्या ताटाचा परिणाम प्रत्यक्ष प्रयोगातही तपासला गेला. सिएटलच्या संशोधकांनी मेक्सिकन वंशाच्या ५३ स्त्रियांना २४ दिवस पारंपरिक मेक्सिकन जेवण आणि २४ दिवस नेहमीचं अमेरिकन जेवण दिलं, मधे खंड ठेवून, वजन बदलू न देता. मक्याच्या तोर्तिया, बीन्स, भाज्या, लिंबूवर्गीय फळं यांच्या जेवणावर रक्तातलं इन्सुलिन सुमारे १४ टक्के कमी राहिलं. म्हणजे तेवढंच काम शरीराने कमी इन्सुलिनमध्ये केलं.

उलट दिशेचा प्रयोग याहून बोलका आहे. मेक्सिकोच्या चिवावा राज्यातल्या डोंगरांत राहणारे रारामुरी लोक लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी प्रसिद्ध. खाणं मका आणि बीन्स. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांच्यातल्या १३ जणांना एक आठवडा त्यांचं जेवण आणि पाच आठवडे सधन देशांतल्यासारखं, रोज सुमारे ४,१०० कॅलरीचं जेवण दिलं. सरासरी कोलेस्टेरॉल १२१ वरून १५९ वर गेलं, एलडीएल ३९ टक्क्यांनी वाढलं, वजन सरासरी ३.८ किलोने. सगळ्यांचं वाढलं, एकही सुटला नाही. गंमत म्हणजे एचडीएलही वाढलं, त्यामुळे दोन्हींचं गुणोत्तर फारसं हललं नाही. एवढ्या छोट्या प्रयोगावरून झटक्यांचा अंदाज बांधता येत नाही. पण ‘आमच्या रक्तातच आहे’ या सबबीला पाच आठवड्यांत उत्तर मिळालं.

स्थलांतरानंतर ताटाचं काय होतं

वर सांगितलेल्या मोठ्या अभ्यासात अमेरिकेत जन्मलेल्या, किंवा तिथे दहाहून अधिक वर्षं काढलेल्या आणि इंग्रजीकडे वळलेल्या लोकांत तीन किंवा जास्त धोके एकत्र असण्याचं प्रमाण जास्त होतं. याला नुसता बर्गर जबाबदार नाही. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या घरात बीन्स भिजत घालायला आणि तासभर शिजवायला कोणी नसतं. वस्तीतल्या दुकानात ताजी भाजी महाग, थंड पेय स्वस्त. मांस आणि चीज मूळ देशात परवडत नव्हतं, इथे परवडतं; म्हणून सणाचा पदार्थ मंगळवारच्या जेवणात येतो. डॉमिनिकन ‘मांगू’ म्हणजे उकडून कुस्करलेली हिरवी केळी, अगदी साधी. तिच्याबरोबरचे ‘त्रेस गोल्पेस’ म्हणजे तळलेलं सलामी, तळलेलं चीज आणि अंडी. रोजच्या न्याहारीला हे तिन्ही आले की हिशेब बदलतो.

साखरेचं पेय हा वेगळा अध्याय आहे. ३५५ मिलीच्या कोलाच्या डब्यात ३९ ग्रॅम साखर असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनची वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा स्त्रियांना २५ आणि पुरुषांना ३६ ग्रॅम. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून अशा पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला; खरेदी पहिल्या वर्षी ५.५ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९.७ टक्के घटली. चिलीने २०१६ मध्ये आणि मेक्सिकोने २०२० मध्ये पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे आणले. अमेरिकेत एक छोटा पण शहाणा बदल २००९ मध्ये झाला: गरीब माता-बालकांच्या सरकारी पोषण योजनेत अख्ख्या धान्याच्या पावाऐवजी मक्याची तोर्तिया घेण्याची मुभा मिळाली.

हे आकडे किती घट्ट धरावेत

आहाराचे कित्येक अभ्यास ‘काल चोवीस तासांत काय खाल्लंत’ या प्रश्नावर उभे असतात. मोठ्या अभ्यासात तो प्रत्येकाला दोनदा विचारला. माणूस विसरतो, आणि साखर-तेल कमी सांगतो. शिवाय मधुमेह झालेला माणूस आधीच गोड सोडून बसलेला असतो. कागदावर मग गोड न खाणाऱ्यालाच आजार दिसतो. कोस्टा रिकाचे ३८ आणि ३५ टक्के हे संबंध आहेत, हमी नाहीत. जो रोज बीन्स खातो तो कदाचित शेतावर जास्त राबतही असेल. संशोधक असे घटक वजा करतात, पण पूर्ण वजा होत नाहीत. तरी प्रयोग, यकृताचं शास्त्र आणि वस्तीतले आकडे तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात, म्हणून सल्ला द्यायला ते पुरेसे आहेत.

त्याच स्वयंपाकघरात काय बदलायचं

बीन्सपासून सुरुवात. एक कप कोरडे बीन्स चार कप पाण्यात रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या. नव्या पाण्यात आधी दहा मिनिटं खळखळून उकळा, मग मंद आचेवर तास-दीड तास. आधीची उकळी टाळू नका: लाल राजम्यात लेक्टिन नावाचं विष असतं, ते मंद आचेच्या विजेच्या भांड्यात मरत नाही आणि अर्धकच्च्या दाण्यांनी उलट्या-जुलाब होतात. टोमॅटो किंवा लिंबू दाणे मऊ झाल्यावरच. आंबटाने साल घट्ट राहते. बीन्स तरी शिजत नसतील तर ते जुने आहेत किंवा पाणी जड आहे. मीठ मोजून पाव चहाचा चमचा. एका कपाचे शिजून अडीच-तीन कप होतात, म्हणजे अर्ध्या कपाच्या वाढणीला १०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. डब्यातल्या बीन्सच्या तेवढ्याच वाढणीत ४०० च्या आसपास असतं. डबा गाळून, वाहत्या पाण्याखाली धुतला तर त्यातलं सुमारे ४० टक्के जातं. सवय नसेल तर पहिले दोन आठवडे दोन-तीन मोठे चमचेच खा. पोट फुगून सोडून देण्यापेक्षा ते बरं.

‘रेफ्रितोस’, म्हणजे परतून कुस्करलेले बीन्स, बदनाम आहेत ते चरबीमुळे. चौघांच्या भांड्यात चार मोठे चमचे मांतेका घातली तर माणशी ५ ग्रॅम संपृक्त चरबी एवढ्यातूनच गेली. २,००० कॅलरी खाणाऱ्याने दिवसाला १३ ग्रॅमच्या आत राहावं असं सांगतात. एक मोठा चमचा तेल, कांदा-लसूण आणि बीन्स शिजवलेलं पाणी वापरून तोच मऊपणा येतो. पाणी फेकून दिलं की कोरडे होतात आणि हात आपोआप चरबीच्या डब्याकडे जातो.

पोर्तोरिकन सोफ्रितो, म्हणजे कांदा, लसूण, गोडसर मिरची आणि रेकाव या कोथिंबिरीसारख्या पाल्याचं वाटण, बिनघोर वापरावं. दोष असतो वरून पडणाऱ्या मसाल्याच्या पुड्यांत आणि सुपाच्या क्यूबमध्ये. एका क्यूबमध्ये सोडियम हजार मिलिग्रॅमच्या पुढे सहज जातं, आणि दिवसाची मर्यादा २,३०० आहे, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ. घरी धणे, जिरे, लसणाची पूड आणि रंगाला आचिओते (एका झाडाच्या लाल बिया) सम भागात, ओरेगानो निम्मं, मीठ शून्य अशी पूड करून ठेवली की मीठ वेगळं मोजता येतं.

तोस्तोनेस दोनदा तळतात आणि मधे चेपतात. चेपल्याने पृष्ठभाग वाढतो, तेल जास्त पितो. हिरव्या केळ्याचे जाड काप पाच-सात मिनिटं उकडून, चेपून, तेलाचा हात लावून २०० अंशांवर वीसेक मिनिटं भाजले तर कुरकुरीत होतात. पिकलेलं केळं घेतलं तर चिकटतात आणि करपतात. गोड पेयांत ‘हामाइका’ म्हणजे आपल्याकडच्या लाल अंबाडीच्या बोंडांचा काढा. तो चांगलाच, पण दोन लिटरला कपभर साखर पडली तर ग्लासमागे २५ ग्रॅम होते. दर आठवड्याला पाव कप कमी करत गेलं तर जीभ तक्रार करत नाही.

मधुमेहाचं इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भात निम्मा करण्याआधी डॉक्टरांना सांगा. मात्रा तीच राहिली तर साखर खाली जाऊ शकते. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना बीन्स आणि केळ्यातलं पोटॅशियम झेपेलच असं नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांना यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडतं. जास्त ट्रायग्लिसराइड, कमी एचडीएल, सुटलेलं पोट आणि लवकर येणारा मधुमेह ही दक्षिण आशियाई लोकांचीही ओळखीची लक्षणं आहेत, आणि २०१० पासून सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या ‘मसाला’ अभ्यासात त्यांचा असाच मागोवा घेतला जातो आहे. वरणापेक्षा भात चौपट, हे चित्र दोन्हीकडे सारखंच. शेजारच्या मेक्सिकन दुकानात कोरडे बीन्स, गोठवलेले तुरीचे दाणे आणि ताज्या तोर्तिया स्वस्त मिळतात. तोर्तियाचं पाकीट उलटून बघा: मका, पाणी, चुना एवढीच नावं असली तर घ्या. यादीत मैदा, हायड्रोजनेटेड तेल किंवा एका तोर्तियाला १०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम दिसलं तर पाकिटावर मक्याचं कणीस छापलेलं असलं तरी परत ठेवा.